सिस्टर आणि मास्तर

"ताई, जरा पाय धरता का?"

जिन्याच्या वळणावर वरून हा प्रश्न आला आणि ती थबकलीच. आज कामाचा पहिला दिवस. नव्या चपला चावत होत्या, हातात रुजू होण्याचं पत्र होतं, आणि समोर एक उंच, किडकिडीत माणूस एका बेशुद्ध म्हाताऱ्याच्या काखांत हात घालून पायऱ्यांवर अडकून पडला होता.

"कोणाचे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ह्यांचे हो! माझे धरायची वेळ अजून आलेली नाही."

तिनं पत्र दातांत धरलं आणि म्हाताऱ्याचे पाय उचलले. ढकलत, ठेचकाळत, एकमेकांना 'सांभाळा, सांभाळा' म्हणत दोघांनी ते ओझं दुसऱ्या मजल्यावर नेलं. तिनं नाडी बघितली, म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, तोंडातली कवळी काढली. "उलटी होईल. बादली आणा, पटकन." तो बादली घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत हसू होतं.

"म्हणजे नवीन सिस्टर तुम्हीच."

"आणि तुम्ही?"

"मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवायचो. मग शाळेनं घरी पाठवलं... दारूपायी." आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज तो म्हणाला. "पाच वर्षं झाली, थेंब नाही. हे आपले घड्याळवाले काका. ह्यांचे तीन आठवडे झाले होते, आज सकाळपर्यंत."

ती नकळत एक पाऊल मागे सरकली. त्यानं ते पाहिलं, आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

तिच्या मागे सरकण्याला कारण होतं. आठ वर्षांची असल्यापासून ती वडिलांच्या ऑफिसात फोन करायची – 'बाबांना ताप आहे, आज येणार नाहीत.' आई शेजारी उभी राहून वाक्य पढवायची, आणि बाबा आतल्या खोलीत पालथे पडलेले असायचे. ती एकोणीस वर्षांची असताना ते रक्ताच्या उलट्या होऊन गेले. त्या दिवशी तिनं मनाशी गाठ मारली – पिणाऱ्या माणसासाठी पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही. नर्सिंग शिकल्यावर मोठी हॉस्पिटलं सोडून ती व्यसन सोडवणाऱ्या ह्या छोट्याशा संस्थेत का आली, हे मात्र तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

दोन खोल्या, एक लांब हॉल, खाली टायरचं दुकान. दिवसभर रबराचा वास यायचा. सकाळी हॉलमध्ये गोलात खुर्च्या मांडून मास्तर सगळ्यांना बोलतं करायचा. मग औषधं, जखमा, रक्तदाब – ते सिस्टरकडे. दुपारी, जो आला नाही त्याच्या घरी मास्तर जायचा. संस्था चालवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता: दारातून आत येणाऱ्या प्रत्येकानं, मग तो पेशंट असो की कामावरचा माणूस, सकाळी श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायचं. सगळे त्याला पिपाणी म्हणत. कामावरच्या माणसाची पिपाणी वाजली, की त्याच दिवशी काम बंद आणि परगावच्या केंद्रात रवानगी. मग तो कोणीही असो.

काम असं, की माणसं बरी होण्यापेक्षा नाहीशीच जास्त व्हायची. पहिल्या चार महिन्यांत तिनं तिघांची नावं औषधांच्या यादीतून खोडली. एकाची बायको तर उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली होती, नीट पुडीत बांधून. त्या दिवशी सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. मास्तर आला. शेजारी भिंतीलाच पाठ टेकून उभा राहिला... चहा गार होईपर्यंत.

असंच कधीतरी ते सुरू झालं असावं.

"एक अडचण आहे," एकदा तो दारात येऊन म्हणाला.

"बोला."

"सगळ्यांना तुम्हाला सिस्टर म्हणवतं. मला... नाही म्हणवत."

ती बँडेज गुंडाळत होती. गुंडाळून झालेलं तिनं पुन्हा सोडलं. "मग काय म्हणणार?"

"तेच शोधतोय. सापडेपर्यंत 'अहो' म्हणू?"

"अहो बायका म्हणतात. नवऱ्याला."

"मग तुम्ही म्हणा. मी ओ देईन."

"मास्तर, बाहेर रांग लागलीये," ती म्हणाली खरी, पण पुढच्या तिन्ही पेशंटांना तिच्या गालांवरची लाली औषधाबरोबर फुकट मिळाली.

मग संध्याकाळी बसथांब्यापर्यंत बरोबर जाणं आलं. रस्त्यावर गाड्या ज्या बाजूनं येत, त्या बाजूला तो चालायचा. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, कारण बोटांतली थरथर पाच वर्षांतही पुरती गेली नव्हती. तो बोलायचा तेव्हा ती त्या बोटांकडे बघत राहायची – आणि दर वेळी तिला बाबांची बोटं आठवायची. तरी तिनं एक दिवस ती बोटं आपल्या हातात घेतली. बस आली, गेली. दुसरीही गेली.

आईला तिनं सांगितलं, "शाळेत मास्तर होते, आता संस्थेत आहेत." आई म्हणाली, "सगळं चालेल गं, फक्त पिणारा नको. रविवारी घेऊन ये." तिनं मान डोलावली. एवढंच. खोटं म्हणावं असं ती काहीच बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात घड्याळवाले काका तीन दिवस आले नाहीत. एकटा जीव, एका खोलीत राहायचे. गुरुवारी सकाळी अकराला मास्तर त्यांच्याकडे गेला, तो दुपारी चारला परत आला. सरळ ड्रेसिंगच्या खोलीत शिरला आणि पेशंटांच्या स्टुलावर बसला. शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या.

"काका गेले," तो म्हणाला. "दोन दिवस झाले असावेत. टेबलाशी बसल्या बसल्याच..."

"अरे देवा!" ती त्याच्याकडे झेपावली, आणि एका हाताच्या अंतरावर थांबली. तो वास तिला लहानपणापासून पाठ होता.

"पोलीस येईपर्यंत मी तिथंच होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खिडकी उघडली. पंखा लावला. समोर त्यांची बाटली होती, तळाशी थोडी उरलेली. म्हटलं, ओतून टाकावी. उचलली... आणि ओतली नाही. खाली उतरून अजून एक घेतली." त्यानं मान वर केली. "पिपाणी आणा, सिस्टर."

पाच महिन्यांत त्यानं तिला पहिल्यांदा सिस्टर म्हटलं होतं.

ती हलली नाही. बाहेर झाडलोटीच्या मावशी खुर्च्या लावत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मॅडम मीटिंगला बाहेर गेल्या होत्या. तिनं दार लोटलं आणि खालच्या आवाजात, भराभर बोलू लागली.

"तू घरी जा. आत्ता, मागच्या जिन्यानं. उद्या येऊ नकोस, मी सांगते तुला ताप आहे म्हणून. परवापर्यंत सगळं उतरेल, यंत्रात काही यायचं नाही. कोणाला कळणार नाही रे... रविवारी आईकडे जायचंय आपल्याला."

बोलून झालं आणि मग तिला ते ऐकू आलं. तेच वाक्य. तोच ताप.

मास्तर तिच्याकडे बघत होता. डोळे लाल, पण नजर स्थिर. "'तू' म्हणालीस मला," तो हळूच म्हणाला. "किती दिवस वाट बघत होतो... आणि आज म्हणालीस."

"जा ना, प्लीज."

"आज तू सांगशील ताप. पुढच्या महिन्यात पाठदुखी. वर्षभरानं तुला सांगायचीही गरज पडणार नाही, मीच सांगेन आणि तू मान डोलावशील. माझ्या पहिल्या बायकोनं सात वर्षं डोलावली, आणि एक दिवस उठून गेली. मला तुझ्याकडून नको आहे ते." त्यानं हात पुढे केला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. फुंकू दे मला."

तिनं कपाटातून यंत्र काढलं. नळी तिला बसवता येईना, ती त्यानंच बसवून दिली. त्यानं फुंकलं. लाल दिवा लागला. तिनं आकडा लिहिला, खाली सही केली, आणि मग तिथंच खाली बसून ती लहान मुलीसारखी हमसून रडली.

मॅडम आल्या, कागद वाचला. "मला हे करायला अजिबात आवडत नाहीये, मास्तर," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परगावची बस होती. निरोप द्यायला येऊ नकोस असं त्यानं सांगितलं होतं. ती गेली नाही, आणि दिवसभर कामात तिचं लक्ष लागलं नाही. सकाळच्या खुर्च्यांच्या गोलात त्या दिवशी दोन जागा रिकाम्या होत्या.

रविवारी ती आईकडे एकटीच गेली. आई ओट्याशी वाटाणे सोलत होती. शेजारी तीन कप काढून ठेवलेले. ती उभ्या उभ्याच बोलली, एकही गोष्ट न लपवता – शाळा, पहिली बायको, काका, बाटली. आणि तापाचंही.

आईनं आणखी एक शेंग उचलली. मग म्हणाली, "त्यानं स्वतः येऊन सांगितलं?"

"हो."

"कोणी पकडलं नव्हतं?"

"नाही."

"स्वतः," आई पुन्हा म्हणाली. हातातली शेंग तशीच राहिली. "तुझ्या बाबांनी मला एकदाही सांगितलं नाही गं. वीस वर्षांत एकदाही नाही." आणि डोळ्याला पदर न लावता ती तशीच रडत राहिली. त्या दिवशी लग्नाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

परगावच्या केंद्रात पहिले सहा आठवडे कोणाला भेटू देत नसत. सातव्या आठवड्यात आईच्या घरून निघायची तयारी करताना तिला दिसलं, की आईनंही चपला घातल्या आहेत.

"तू कशाला?"

"बघायचंय मला."

तीन तासांचा प्रवास. काचेवरून पावसाचे ओघळ वाहत होते. केंद्राच्या फाटकावरच्या माणसानं वही उघडली. "नातं सांगा. फक्त घरच्यांनाच आत सोडतो."

काय सांगणार होती ती?

"सासू लिहा," आई म्हणाली.

"आणि ह्या?"

"मी सासू म्हटल्यावर ही कोण, ते तुम्हीच लिहा की."

अंगणातल्या बाकावरून तो उठून उभा राहिला. आणखी वाळला होता, केस बारीक कापलेले. आईला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. नमस्कारासाठी तो वाकू लागला, तसं आईनं हातानंच थांबवलं.

"पुन्हा प्यालात तर?"

"आई, मी वचन देतो, ह्यापुढे..."

"ते नको. ते मी वीस वर्षं ऐकलंय. प्यालात तर हिला सांगाल का?"

तो थोडा वेळ विचार करत राहिला. त्यानं लगेच 'हो' म्हटलं नाही, हे सिस्टरला बरं वाटलं.

"सांगेन."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

आई मान हलवून पलीकडच्या बाकावर, पाठ करून बसली.

दोघं राहिली. पाऊस थांबला होता, बाक अजून ओला होता, तरी ती त्याच्याजवळ बसली.

"मला झोपेत काका दिसतात," तो म्हणाला.

"मलाही."

"वर्षभर तरी संस्थेत घेणार नाहीत मला. नंतरही घेतीलच असं नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय..." ती आपल्या चपलांकडे बघत म्हणाली. "मला भीती वाटते रे. रोज वाटेल. तुझ्याशी लग्न केलं, तर जन्मभर सकाळी उठल्यावर आधी तुझा श्वास हुंगेन."

मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि हुंगून झाल्यावर?"

"मग... बघू," ती म्हणाली, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. अंगणातली माणसं उठू लागली. कोणी रडत होतं, कोणी डबा परत मागत होतं. फाटकावरच्या माणसानं त्यांना हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आईनं वळून पाहिलं, आणि पुन्हा पाठ केली. सिस्टरनं त्याचा हात धरून ठेवला होता, तिसरी हाक येईपर्यंत.