पाळण्यातली एकच जागा

“तीनच तिकिटं? बाबा, आपण चौघं आहोत ना!”

होळकरांच्या शहरात, छत्रीबागेतल्या त्या घरात रविवारचे पोहे अजून कढईतच होते, जिलेबीचा पुडा सुटला नव्हता, आणि तेरा वर्षांच्या मधुरिमाचा हा प्रश्न थेट स्वयंपाकघरात येऊन पोचला. पोहे परतणारा इरावतीचा हात जागच्या जागी थांबला... उत्तर काय येणार ते तिला पाठ होते, तरी वेडे मन कान टवकारून उभे राहिलेच!

“अगं, आत्याला झुले-बिले चालत नाहीत,” लॅपटॉपवरून मान न उचलता तिचा धाकटा भाऊ हृषीकेश म्हणाला. “चक्कर येते तिला, मालूम तो है तुला. शिवाय खंडोबाचा नैवेद्य आहेच. थीम पार्कला आपण तिघंच.”

पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, तेव्हापासूनचा हा नेम. देवघरातल्या खंडोबाच्या टाकाला रोज घरच्याच माणसाच्या हातचा नैवेद्य! म्हणून सुट्टीत सगळे बाहेरगावी निघाले की एकाने मागे राहायचे, आणि मागे राहणारी नेहमी इरावतीच असायची. कारण तिला चक्कर येते, ही गोष्ट त्या घरात इतकी पक्की होती की तिच्याबद्दल कुणी पुन्हा विचारायच्या भानगडीत पडत नसे.

आणि खरे सांगायचे तर पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात इरावतीला एकदाही चक्कर आली नव्हती!

हातोदच्या जत्रेतली ती संध्याकाळ... आई जाऊन वर्षही झाले नव्हते. इरावती चौदाची, हृषी सहाचा. आकाशपाळण्याची शेवटची फेरी सुटत होती आणि पाळण्यात एकच जागा उरली होती. त्या उंच, झगमगत्या पाळण्यासाठी तिचा जीव सकाळपासून आसुसला होता, पण तिचा परकर धरून उभ्या असलेल्या त्या मातृहीन पोराचा चेहरा पाहिला आणि तिचे काळीज गलबलले. “तू बस रे, मला चक्कर येते,” एवढेच ती म्हणाली... आणि ते एक वाक्य तिला जन्माचे चिकटले! पुढच्या प्रत्येक जत्रेत ती खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी राहिली, आणि हळूहळू तिला कुणी बोलावीनासेही झाले. तिच्याशी कुणी वाईट वागले नाही हो! उलट सगळ्यांनी तिला इतके जपले की ती कायमची घरातच राहिली.

“आत्या, तुझा फोन घेते गं, माझी बॅटरी गेली. आईला पार्कचा व्हिडिओ दाखवायचाय,” म्हणत मधुरिमाने ओट्यावरचा फोन उचलला. इरावती स्वतःच्याच तंद्रीत होती. तिच्या लक्षात यायला अंमळ उशीर झाला!

“अरे बाप रे! बाबा, हे बघा!”

फोनवर रोलर कोस्टरच रोलर कोस्टर! जपानचे, अमेरिकेचे, कुठकुठले... सगळे पुढच्या सीटवरून काढलेले, आणि सगळे पुनःपुन्हा पाहिलेले.

“दुपारी भजनं ऐकते म्हणता ना, ताई?” तिची भावजय प्रियंका हसू दाबत म्हणाली. “म्हणून दिवाणावर बसल्या बसल्या डावीकडे-उजवीकडे झुकता होय! मला वाटायचं, डुलकी येतेय.”

सगळे खो खो हसले. इरावतीही हसू लागली... आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

हृषीकेशचे हसू विरले. तो उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “ताई, तुला चक्कर येते ना?”

“कधीच नाही आली रे,” पदराने डोळे टिपत ती म्हणाली. “जागा एकच होती, हृषी... आणि तुला आई नव्हती.”

“तुला तरी कुठे होती, ताई?”

एवढे बोलून तो मटकन खालीच बसला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि त्याचे खांदे हलू लागले. रडतोय म्हणून इरावती घाईने जवळ बसली, तर तो अर्धा रडत होता आणि अर्धा हसत होता!

“ताई, मी त्या पाळण्यात डोळे मिटून तुझ्या नावानं ओरडत होतो गं! शेजारच्या काकांच्या शर्टावर उलटीसुद्धा केली. खाली आलो, तर तू इतकी खूश होऊन उभी... कसं सांगणार तुला? बोललो, बहुत मजा आली! आजही तंतरते माझी. मधूसाठी बसतो दर सुट्टीत, बस्स.”

“म्हणजे दर वेळी उतरल्यावर ‘ऊन लागलं’ म्हणून आडवे पडता ते...” प्रियंका डोळे विस्फारून म्हणाली.

“काय का ऊन भिया! भीतीनं गरगरायचं मला.”

एकेचाळीस वर्षे! एकेचाळीस वर्षे ज्याला नको होते तो वर फिरत राहिला आणि जिला हवे होते ती खाली उभी राहिली... दोघेही एकमेकांच्या सुखासाठी! इरावतीने भावाचे डोके कुशीत ओढून घेतले. कसलाच राग उरला नव्हता. होती ती फक्त ओतप्रोत माया.

“मधू, माझं नाव काढ आणि आत्याचं टाक,” हृषीकेश नाक पुसत म्हणाला. “नैवेद्याला मी राहतो.”

“वरणाला फोडणी देता येते का तुम्हाला?” प्रियंकाने विचारले.

“ताई शिकवून जाईल. खंडोबा घेईल चालवून.”

‘नको रे, मीच राहते...’ सवयीचे शब्द इरावतीच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळून टाकले, आणि लहान मुलीसारखी लाजत भाचीकडे वळली.

“मधू, त्या सगळ्यात उंच गाडीची पुढची सीट आपल्याला आधीच बुक करता येते का गं?”

“नाही गं आत्या. तिथे गेट उघडलं की पळत जाऊन लाइन लावावी लागते.”

“मग पळू की!” इरावती म्हणाली.