विमानावरची काजळी

"कुणी पुसलं हे?... माझ्या विमानाला हात लावला कुणी?"

मामंजींची गर्जना स्वयंपाकघरापर्यंत आली आणि सूनबाईच्या कपाळावर आठी उमटली. नवरा गेल्यावरही तिनं याच म्हाताऱ्याचं उष्टं-खरकटं काढलं, मुलगी 'आई, माझ्याकडे ये' म्हणून विनवत राहिली तरी काढलं, आणि बदल्यात काय ऐकलं? 'आम्ही आभाळात लढलो, तुझी अक्कल त्या फडक्याएवढी!' आज संध्याकाळी मुलगी न्यायला येणार होती... आणि आज सूनबाई 'हो' म्हणणार होती.

"मीच पुसलं. काळं झालं होतं," ती दारात येऊन म्हणाली.

टेबलावर ते वीतभर लढाऊ विमान होतं. मामंजींनी महिनाभर थरथरत्या हातांनी प्लास्टिकचे तुकडे चिकटवले, रंगवले. पायजम्याची नाडी बांधायला दुसरं माणूस लागतं, आणि स्वारी निघाली युद्धाला!

"झालं नव्हतं, केलं होतं! धुराच्या नळ्यांमागची काजळी ती... काळा खडू कुटून, कापसानं लावलेली!"

"घरातली घाण कमी पडली वाटतं!"

आता काठी आपटणार, असं तिला वाटलं. पण मामंजींनी विमान चष्म्याजवळ नेलं, पंखांवरून बोट फिरवलं.

"ओरखडा नाही... नाकाकडून शेपटीकडे पुसलंस. आमच्या मुकादमानं तुला लगेच ठेवून घेतलं असतं."

"वैमानिकाला कसला मुकादम?"

म्हाताऱ्यानं विमान टेबलावर ठेवलं. "मी कधी उडालोच नाही गं... विमानं धुवायचो. लढून आली की काजळी पुसायची. वैमानिक उतरून चालू लागायचे... मी आहे हे कुणाच्या गावीही नसायचं."

म्हणजे हा तो शूरवीर! स्वतः जन्मभर फडकं मारलं आणि त्याच फडक्यावरून तिला हिणवलं! तिच्या मस्तकात तिडीक उठली... किती खोटा, किती हलका माणूस!

"मला घालूनपाडून बोलताना जीभ कशी अडखळली नाही तुमची?"

मामंजी उठले. भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, बाह्या सारल्या आणि सकाळची भांडी घासायला लागले. कपाच्या दांडीमागची खाच, वाटीची कड, ताटाची पाठ... सराईत हात! ती मागोमाग आली होती.

"येतं तुम्हाला! मग इतकी वर्षं...?"

"मला येतं हे कळलं असतं तर तू केव्हाच सोडून गेली असतीस, पोरी." त्यांनी मान वर केली नाही. "आज जा. माझं मी करीन."

पोरी!... या एका शब्दासाठी ती या घरात झिजली होती, आणि तो आला तोही असा, निघायच्या दिवशी! त्यांचा मनसोक्त तिटकारा करावा म्हटलं तर डोळे दगा देत होते. ती खुर्चीत बसली. त्या घरात पहिल्यांदाच, काम पडलेलं असताना बसली.

"जाईनच," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "पण आधी ते पातेलं पुन्हा घासा. तळाला खरकटं राहिलंय."

मामंजींनी मुकाट्यानं पातेलं पुन्हा नळाखाली धरलं.