तेल गाळणारी दारं

लाइल काकाला दारावर टकटक करायची सवयच नव्हती. चिखलाच्या बुटांनिशी तो सरळ वर्ना आजीच्या स्वयंपाकघरात घुसायचा, फ्रिज उघडायचा, गार चहाचा जग तोंडाला लावायचा आणि तसाच उष्टा परत ठेवायचा. वर आजीलाच विचारायचा, साखर संपली का म्हणून. मुलीचा नवरा पडला. आजी दात-ओठ खाऊन गप्प बसायची. आता गप्प बसणं हा काही वर्ना टॅकेटचा स्वभाव नव्हे. तिच्या जिभेला ओहायोतल्या त्या मिल फोर्क गावातली कुत्रीसुद्धा वचकून होती. मग गिळलेला राग कुणावर तरी निघणारच. बहुतेक वेळा तो मॅटीवर निघे, कारण मॅटी हाताशी असे.

मॅटी तेरा वर्षांची होती. तिची आणि तिच्या धाकट्या भावाची, डेलची, उन्हाळ्याची सगळी सुट्टी आजीकडे जायची. या सुट्टीत त्यांना एकच काम होतं, आणि ते काम गॅरेजात चार लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. हार्लन आजोबांची सत्तर सालची प्लिमथ गाडी. दोन दारांची, लांब नाकाची. तिचं इंजिन सुरू झालं की शेजारच्यांच्या कपाटातल्या कपबश्या थरथरायच्या. आजोबा गेल्यापासून ती तशीच पडून होती. तळाचा पत्रा गंजला होता, टायर बसले होते, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. आजी नवऱ्यामागे गॅरेजात पाऊल टाकायला तयार नव्हती. पण मॅटीनं हट्टच धरला, तेव्हा तिनं बजावलं होतं की जत्रेपर्यंत गाडीचं रूप पालटलं तर गाडी राहील. नाही तर लाइलनं एक गिऱ्हाईक बघून ठेवलंय, ते येऊन ओढून नेईल.

मग काय, मॅटी, डेल आणि शेजारचा आर्लो असे तिघं सकाळपासून गॅरेजात. डेल उंदरांची घरटी काढी आणि प्रत्येक उंदराला नाव ठेवी. आर्लो बोलण्यात पटाईत आणि कामात आळशी, पण पाना नेमका कुठे ठेवलाय ते त्यालाच आठवे. मॅटीनं विजेच्या घासणीनं गंज काढायचा सपाटा लावला. दोन्ही दारं तिनं उतरवून भिंतीला टेकवली आणि घासून पांढरा स्वच्छ पत्रा काढला. बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या पत्रा खाणाऱ्या मिठातून आजोबांनी ही गाडी सारी वर्षं चालवलेली, तरी दारांना खालच्या कडेलासुद्धा गंजाचं भोक नव्हतं. बोटानं वाजवलं की घंटेसारखं टण्ण वाजे. खोड एकच. उन्हं तापली की दारांच्या तळाला पाणी निघायला ठेवलेल्या बारीक छिद्रांतून काळं तेल ठिबके. आजीची फरशी खराब होऊ नये म्हणून मॅटीनं खाली पुठ्ठे घातले होते.

तेवढ्यात लाइल काका टपकला. आपल्या शेडमध्ये रंगाचा फवारा आहे, दारांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारून देतो, असल्या नाजूक कामाला पोरांनी हात लावू नये, असं म्हणून त्यानं दारं ट्रकमध्ये घातली. मॅटीनं नको म्हटलं. आजी स्वयंपाकघरातून ओरडली की मोठ्या माणसाशी वाद घालू नकोस.

दारं परत आली ती करड्या प्रायमरमध्ये. लाइलनं ती मागच्या ओसरीवर उभी केली, आजीला हाक मारली आणि सगळ्यांदेखत खालच्या कडेत स्क्रू-ड्रायव्हर टोचला. टोक सरळ आरपार गेलं.

"बघा. पोरीनं घासून घासून पत्र्याचा कागद केलाय," तो म्हणाला. "मी सांगत होतो, खेळणं नाही हे."

मॅटी काही बोलायच्या आत आजीच्या जिभेचा पट्टा सुटला. तिनं मॅटीची अक्कल काढली, तिच्या आईची काढली, आणि शेवटी म्हणाली, "त्या माणसानं चाळीस हिवाळे सांभाळलेली वस्तू तू अर्ध्या सुट्टीत मातीत घातलीस. गॅरेजची किल्ली आण इकडे."

किल्ली एप्रनच्या खिशात गेली. जत्रा झाली की गाडीही जाणार, हे ठरलं. लाइल काका जाताना मॅटीच्या डोक्यावर टपली मारून गेला. मॅटीला रडू आलं नाही. तिला त्याच्या पोटरीला चावावंसं वाटलं.

तिघं ओसरीच्या पायऱ्यांवर बसून राहिले. आर्लो म्हणत होता की आता निदान पोहायला तरी जाता येईल. मॅटीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पायरी खाली सरकला. ऊन मी म्हणत होतं. ओसरीच्या फळ्या पायाला चटके देत होत्या. दारं भर उन्हात उभी होती आणि डेल त्यांच्याखाली वाकून काहीतरी बघत होता. मुंग्या असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

"ही रडत नाहीत," डेल म्हणाला.

"कोण रडत नाही?"

"दारं. एवढं ऊन आहे, तरी खाली एक थेंब नाही."

मॅटी उठली. तिनं दाराच्या कडेवर बोट वाजवलं. थप्प. घंटा नाही, नुसतं ओलं लाकूड. मग आर्लो, ज्याला काम सांगितलं की पोटात दुखायचं, तो आपणहून धावत घरी गेला आणि फ्रिजवरचा कोंबड्याच्या आकाराचा लोहचुंबक घेऊन आला. वरच्या भागावर कोंबडा घट्ट चिकटला. खालच्या भागावर लावला तर घसरून पायरीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिथे लोखंड नव्हतंच. गंजलेली भोकं पुट्टीनं लिंपून वर प्रायमर मारला होता. मॅटीनं आपल्या दारांचा इंच न् इंच घासला होता. त्यांत चमचाभरही पुट्टी नव्हती.

"ही आपली दारं नाहीत," मॅटी म्हणाली.

मग आपली कुठे गेली, हे कुणी कुणाला विचारायची गरजच नव्हती. लाइल काकानं वसंतात लिलावातून अगदी तसलीच प्लिमथ आणली होती. जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिल्या नंबरची निळी फीत मीच घेणार, असं तो चर्चमध्येसुद्धा सांगत फिरत होता. पण त्याच्या गाडीची दारं खालून चाळणी झालेली होती, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं.

तिघं सायकली मारत त्याच्या शेडवर गेले. खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. आर्लो फटीला डोळा लावतो न लावतो तोच शेडचं दार उघडलं. लाइल काकाच्या हातात रंग फवारायची बंदूक होती आणि तोंडानं तो रंगवाल्या दुकानदाराचा उद्धार करत होता. भिकार रंग दिलाय म्हणे, दारांवर बसतच नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. पोरांना बघताच तो थांबला. पुन्हा अंगणात दिसलात तर तंगड्या मोडीन, असं म्हणाला. आणि मॅटीला वेगळं म्हणाला, "तुझ्या आजीला जाऊन सांग हवं तर. माझं ऐकेल की तुझं, बघू."

हेच तर खरं दुखणं होतं. मॅटी घरी येऊन आजीला सांगायला गेली, तर आजी जत्रेसाठी ‘ॲपल पाय’ या गोड पदार्थाचं पीठ मळत होती. दोन वाक्यं ऐकून तिनं लाटणं आपटलं आणि सांगितलं, आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारणारी माणसं तिला पालीइतकीसुद्धा आवडत नाहीत. मॅटी परत फिरली. तोंडानं सांगून आता भागणार नव्हतं. आजीला डोळ्यांनी दाखवायला हवं होतं, तेही ती पाठ फिरवायच्या आत.

जत्रेचा दिवस असा तापला की डुकरांच्या गोठ्यात पंखे लावावे लागले. गोठ्यांपलीकडच्या सिमेंटच्या पटांगणात जुन्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, नाकं वर करून. लाइल काकाची प्लिमथ सगळ्यांत पुढे. रंग असा नारिंगी की डोळे दिपावेत. फक्त दारांच्या खालच्या भागावर बारीक बारीक खळगे होते, आणि ते झाकायला त्यानं काळी पट्टी मारली होती. तो सारखा वाकून दाराखाली फडकं फिरवत होता. उभा राही, लोकांशी हसे, पुन्हा वाके.

"बिचारा. फरशी पुसायची नोकरी लागलीय," आर्लो पुटपुटला.

लाइल काका मूळचा ॲरिझोनाचा. तिकडे ना बर्फ, ना रस्त्यावर मीठ. गंजाशी आयुष्यभर भांडणारी माणसं दाराच्या पोटात काय काय ओततात, हे त्याला कोण सांगणार? पत्रा पत्र्यासारखा दिसला की झालं, एवढंच त्याचं शास्त्र. दारातलं तेल आतून झिरपून रंग धरू देत नाही, हे कळायला मिल फोर्कमध्ये चार हिवाळे काढावे लागतात. तो तर बर्फ पडला की सासूच्या शेगडीजवळून हलायचा नाही.

मॅटीनं आखणी केली. आर्लोची जीभ पहिल्यांदा कामाला आली. त्यानं लाइल काकाला गाठलं आणि इंजिनाबद्दल असे मूर्ख प्रश्न विचारले, वर गाडीची अशी भरमसाट स्तुती केली, की काका फडकं खांद्यावर टाकून बॉनेट उघडून व्याख्यान द्यायला लागला. चार माणसं जमली. तो आणखी फुलला. तेवढ्यात डेल पोटावर सरपटत गेला आणि दोन्ही दारांच्या तळाशी कागदाच्या पांढऱ्या बशा सरकवून आला.

व्याख्यान लांबलं. ऊन आपलं काम करत राहिलं. आर्लोचे प्रश्न संपत आले, तेव्हा त्यानं विचारलं की गाडीला शिंग का नसतं. लाइल काकानं त्याचंही उत्तर दिलं.

मॅटीनं एक बशी उचलली आणि चर्चच्या ॲपल पायच्या टेबलाकडे चालू लागली. आजी तिथे दुसऱ्या बायकांनी केलेल्या ॲपल पायला नावं ठेवत बसली होती. मॅटीनं बशी तिच्यापुढे ठेवली. पांढऱ्या कागदावर काळे, जाड, चिकट थेंब.

"हे काय घाण?" म्हणत आजीनं बशी दूर सारायला हात लावला आणि हात तिथेच राहिला. तिनं बशी नाकाशी नेली. बोटावर थेंब घेऊन चोळला. शेजारची बाई काही विचारत होती, तिला तिनं हातानंच गप्प केलं.

इंजिनाचं जुनं तेल तर गावात पुष्कळजण दारांत ओतायचे. पण त्यात मधमाश्यांचं मेण वितळवून घालणारा एकच माणूस होता. दर पानगळीला हार्लन टॅकेट ते मेण वर्नाच्या चांगल्यातल्या चांगल्या पातेल्यात वितळवायचा, आणि दर पानगळीला त्या पातेल्यावरून घरात महायुद्ध व्हायचं. तेलाचा, मेणाचा आणि जळक्या मधाचा हा वास आजीनं चाळीस वर्षं शिव्या देत घासून काढला होता.

"कुठून आणलंस?" आजीनं विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"लाइल काकाच्या गाडीच्या दारातून."

आजी उठली. एप्रनसकट निघाली. वाटेत जी माणसं होती ती आपोआप बाजूला झाली. परीक्षक नेमके प्लिमथपाशी पोचले होते. त्यातल्या एकानं काळ्या पट्टीखालच्या खळग्यांवर बोट फिरवून भुवई वर केली होती. आजीनं परीक्षकाला कोपरानं सरकवलं, दार उघडलं, खालच्या छिद्रांवरून करंगळी फिरवली आणि ती काळी करंगळी लाइलच्या नाकापुढे धरली.

लाइल हसायला गेला. दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या, पत्रा तो पत्रा, असं काहीसं म्हणाला. मग म्हणाला की ती गाडी पोरांच्या हाती सडणारच होती, निदान दारं तरी कामी आली. डार्ला मावशी, त्याची बायको, गर्दीत उभी होती. तिनं मान खाली घातली. परीक्षकानं कागदावरचं काहीतरी खोडलं आणि तो पुढच्या गाडीकडे निघाला.

आजीनं आधी मॅटीकडे बघितलं. माफी मागणं तिला येत नव्हतं. तिनं एप्रनच्या खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि मॅटीच्या हातात अशी आपटली की दुखलं.

"हार्लननं तुला उगीच नाही जवळ बसवलं," ती म्हणाली. "डोळे आहेत तुला. माझे कुठे गेले होते कोण जाणे. आणि तुम्ही दोघं माकडं, ॲपल पाय खायला या नंतर. अख्खा."

आर्लो आणि डेलनं ती स्तुतीच मानली. मॅटीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. आजी तोवर लाइलकडे वळली होती. आवाज चढवला नव्हता, पण डुकरांच्या गोठ्यापर्यंत सगळे ऐकत होते.

"लाइल, तू चोरी केलीस, ते एक वेळ मी पोटात घालीन. माझ्या मुलीनं तुला निवडलंय, तिचं ती बघेल. पण चोरी करून खापर तू या पोरीच्या डोक्यावर फोडलंस, आणि माझ्याच तोंडून माझ्या नातीला नको ते ऐकवलंस. त्याला माझ्याकडे माफी नाही. दारं उतरव. आत्ता, इथेच. मॅटी सांगेल तसं, मॅटी सांगेल तिथे ठेवायची. आणि दारं नसलेली गाडी घेऊन घरी जाशील ना, तेव्हा मेन स्ट्रीटवरून जा, आणि सावकाश जा. लोकांना नीट बघू दे तू कसा आहेस ते."