घुबडाचा जुना स्पीकर

दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर रेडिओ, मिक्सर आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी निस्तरून मावशीच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. शटर ओढायला ती उठली, तोच थोरली बहीण दारात आली. काखेत पिशवी, बोटाला लेक.

पिशवीतून पिवळ्या प्लॅस्टिकचं घुबड निघालं. पोटावर आकड्यांची बटणं. सेल घातले की ते गणितं विचारायचं आणि उत्तर बरोबर आलं की शाबासकी द्यायचं. पोरीच्या बाबांचं हे लहानपणचं खेळणं. बाबा गेले तेव्हापासून पोर कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. तोंड उघडायची ती फक्त घुबडाला उत्तरं द्यायला. आता घुबडाचीच वाचा बसली होती.

"डॉक्टर काय म्हणतात?" मावशीने विचारलं.

"वेळ द्या म्हणतात. दोन-दोन पाळ्या करते मी, त्यांनीच सांगावं कुठून काढू." बहीण कोरडं हसली. "जगाच्या डबड्यांना बोलतं करतेस, आता घरचं तेवढं बघ."

ती कामावर निघून गेली. पोर बाकावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, म्हाताऱ्या माणसासारखी.

मावशीने स्क्रू काढले आणि स्पीकरच्या दोन टोकांना सेल टेकवला. जिवंत स्पीकर अशा वेळी टक् करतो. हा ढिम्म. आतली तार केव्हाच जळालेली. तिने त्याच मापाचा दुसरा शोधून बसवला आणि तारा जोडायला डाख दिला. जळक्या राळेचा धूर दिव्याभोवती रेंगाळला. मेलेला स्पीकर चांगल्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या कागदी पडद्यात अंगठा खुपसून ठेवायचा, ही या धंद्यातली रीत. हाताला इतकी सवय, की तिचं लक्षही नव्हतं. अंगठा भस्सकन आत गेला आणि स्पीकर भंगाराच्या डब्यात पडला.

"तीन आणि दोन किती?" घुबड खणखणीत बोललं.

मावशीने ते पोरीपुढे धरलं.

"सांग ना गं, छकुले. तुझाच मित्र आहे."

पोरीने घुबडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, डब्यातून फाटका स्पीकर काढला, पुन्हा बाकावर येऊन कानाला लावला. त्याच्या तारा नुसत्याच लोंबत होत्या. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "हो... आता नीट ऐकू येतंय."

मावशीचे डोळे भरून आले. खेळ तर खेळ. पोर बोलली होती. बहिणीला फोन करावा, म्हणून ती हात पुसत जवळ गेली, आणि तिथेच थबकली. अंगठा तिने वरून आत घातला होता. पडद्याच्या चिंध्या मात्र सगळ्या बाहेर वळल्या होत्या... आतून कुणीतरी ढकलल्यासारख्या.

"कुणाशी बोलतेस, बाळा?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाबांशी?"

पोरीने नकारार्थी मान हलवली.

"बाबा नाहीत गं. बाबा तर त्याला घाबरायचे."

आणि ती बाकावर जराशी सरकली. कुणाला तरी बसायला जागा करून दिल्यासारखी.