वरच्या मजल्यावरची तक्रार

दार उघडंच होतं, तरी त्याने ते आपटलं.

"हे किती वेळ चालणार आहे?"

आमचा ताल तुटला. रंगाचे रिकामे डबे पुढ्यात घेऊन बसलेली माझ्या वाजवण्याच्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघायला लागली. दारात एक तरुण... केस विस्कटलेले, डोळे लाल, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आम्ही वाजवायचो त्या पालिकेच्या हॉलच्या वरच तो नुकताच राहायला आला होता. हॉस्पिटलात नर्स होता, रात्रपाळी करून दुपारी झोपायचा. मी सांगितलं, मुलं इथे वाजवतात म्हणून नाक्यावर मारामाऱ्या करत नाहीत. झोपेवाचून सुई टोचताना हात चुकला तर पेशंटला हे तुम्ही समजावणार का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कानात कापूस घाला.

आठवड्याभरात हॉलला वॉर्ड ऑफिसचं कुलूप लागलं. तक्रार त्याचीच होती.

मी तडक जिना चढले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्या भरात 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, कळलंच नाही. त्याने मला बसायला खुर्ची पुढे केली – त्याचाच जास्त संताप आला. त्याला म्हणे नुसती वेळ बदलून हवी होती.

मुलं पुन्हा नाक्यावर गेली. आमची भिंगरी, सगळ्यांत चपळ हाताची, भावाची मारामारी सोडवायला मध्ये पडली आणि डोकं फोडून घेऊन हॉस्पिटलात पोचली. धावत गेले, तर तिला पट्टी बांधत तोच उभा. काम संपवून त्याने मला पाणी आणून दिलं.

"थँक यू, ब्रदर," मी फणकाऱ्याने म्हटलं. तिथे सगळे त्याला तशीच हाक मारत होते.

"बाकीच्यांनी म्हटलेलं चालतं," तो खाली बघत म्हणाला. "तू नको."

मला राग यायला हवा होता. आला... पण जरा उशिराच.

त्याने तक्रार मागे घेतली, तरी कुलूप निघेना. वॉर्ड ऑफिसच्या साहेबांना हॉल ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या ठेवायला हवा होता, तक्रारीचं नुसतं निमित्त झालं होतं. हे ऐकल्यावर मात्र तो पेटला. दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांच्या दारातच डबे मांडले. तोही बसला आणि अगदी बेताल वाजवत राहिला. लोक जमले. साहेब बाहेर येऊन म्हणाले, डबे बडवून कुणाचं भलं झालंय?

तो उठला, भिंगरीकडे बोट दाखवलं. "हिच्या डोक्याला पट्टी मी बांधलीय, साहेब. हॉल उघडा होता तेव्हा यांच्यातलं एकही पोर माझ्याकडे आलं नव्हतं. आता रोज कुणीतरी येतं."

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं. दुपारी किल्ली माझ्या हातात पडली.

मुलं पुढे पळाली. मी मागे राहून त्याला सुनावलं, की चुकीची भरपाई करून झाली असेल, तर आता घरी जाऊन झोप.

"भरपाई तक्रार मागे घेतली तेव्हाच झाली," तो म्हणाला. "आज तुझ्यासाठी आलो होतो."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू देतेस कुठे?"

मी भांडायला तोंड उघडलं... आणि त्याचा हात धरला – चांगला घट्ट, रागारागाने.