चंद्राचा वॉलपेपर

दोन हजार सहा साली दापोड्याच्या नाक्यावर माझं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज आणि कव्हर काय, सगळेच विकतात. माझ्याकडे गर्दी व्हायची ती फोटोसाठी. गोडाऊनमधली पोरं पाकिटातून बायकोचा, आईचा, नाहीतर भलत्याच कुणाचा फोटो काढायची आणि म्हणायची, मॅडम, स्क्रीन पे डाल दो. मी तो स्कॅन करायची, कापायची, एकशे अठ्ठावीस बाय एकशे साठ ठिपक्यांत बसवायची आणि केबलनं मोबाइलमध्ये सोडायची. कापण्यातच खरी गोम. एवढ्याशा जागेत सगळं वऱ्हाड कोंबलं तर तोंडांचे तांदूळ होतात. म्हणून मी आजूबाजूची माणसं बेधडक उडवायची.

माझी धाकटी बहीण मनाली वळ गावात दिलेली, हिरामणला. त्याची ही दुसरी. पहिली चंद्रा बाळंतपणात गेली, बाळासकट. त्या घरात रीत अशी, की पहिली मेली तर तिचा टाक, म्हणजे तिची आकृती ठोकलेला बोटभर चांदीचा पत्रा, दुसरीनं गळ्यात घालायचा. मला त्या टाकाची चीड यायची. मेलेल्या बाईला माझ्या बहिणीच्या उरावर कशाला बसवता, असं मी मनालीच्या सासूला, आक्काला, तोंडावर विचारलं होतं.

"उरावर बसू न्हाय म्हणूनच घालायचा," आक्का म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

मनालीला सातवा लागला आणि टाकाची कडी झिजून तुटली. जोडायचा तर सोनार तो विस्तवावर धरणार, आणि घरात पोटुशी बाई असताना ते चालत नाही म्हणे. कापडात बांधून घाल म्हटलं, तर तिचा चेहरा झाकायचा नाही. आदल्या खेपेला मनालीनं टाक काढून ठेवला होता आणि त्याच आठवड्यात तिचा गर्भ पडला होता. डॉक्टरनं कारण वेगळं सांगितलं, पण त्या घरात डॉक्टरला विचारतो कोण? या वेळी पुन्हा तसं होईल या भीतीनं पोर रडून रडून अर्धी झाली. मग तिचं तिलाच सुचलं. तेव्हा मोबाइल पट्टीनं गळ्यात अडकवायची फॅशन होती. चंद्राचा फोटो स्क्रीनवर टाकू, म्हणाली, चेहरा दिसत राहील आणि गळ्यातही राहील. आक्कानं जरा विचार केला आणि चक्क हो म्हटलं.

चंद्राचा एकच फोटो होता, हळदीतला. पिवळ्या पडद्यापुढे ती आणि हिरामण शेजारीशेजारी बसलेले. मी हिरामणला उडवला आणि चंद्राला बरोबर मधोमध घेतलं. मनालीनं मोबाइल गळ्यात घातला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मी दोघींसाठी चहा मागवला.

थोड्याच दिवसांनी ती परत आली. चंद्रा जराशी डावीकडे दिसत होती. फाईल सरकली असेल, मी म्हटलं, हँडसेट हलका आहे. कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये चंद्रा मधोमधच होती. मी तीच पुन्हा टाकली. पुढच्या खेपेला ती आणखी डावीकडे होती. मी मोबाइल फॉरमॅट केला, मग मनालीला दुकानातला दुसराच हँडसेट दिला. त्यातही तेच.

एक गोष्ट मी बहिणीला सांगितली नाही. चंद्राच्या उजवीकडे आता नुसता पिवळा पडदा दिसत होता. मूळ फोटोत तिथं हिरामण बसलेला होता. मग हा पडदा आला कुठून? मी तो कुठल्याच फाईलमध्ये घातला नव्हता.

मी फोटो काढून टाकायला हात पुढे केला, तर मनालीनं मोबाइल छातीशी धरला.

"ताई, ती कुणाला तरी जागा करतेय."

"म्हणूनच काढू दे."

"आणि तिला काढलं अन् माझं बाळ गेलं तर?"

मी बी.एस्सी. झालेली बाई. पण मी हात मागे घेतला. मला भीती वाटत होती, साफ सांगते.

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती. भिवंडीतल्या दवाखान्यात सिस्टरनं मनालीच्या गळ्यातलं सगळं काढायला लावलं आणि मोबाइल माझ्या हातात आला. आक्का बाकावर डोळे मिटून बसली होती. मी बटण दाबलं. चंद्रा पार कडेला गेली होती. एक खांदा आणि एक कान, एवढीच उरली होती.

दिवा विझला. मी पुन्हा दाबलं.

नुसता पडदा.

आत बाळ रडलं. सिस्टरनं दार उघडून सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मी आक्काच्या गळ्यात पडून हमसून रडले. ज्या बाईशी धड कधी बोलले नाही, तिच्या गळ्यात.

आत गेलो. मनाली बाळाला पाजत होती. "मनू," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पाहिलं आणि हसली, दारात आलेल्या अनोळखी बाईकडे बघून हसतात तसं.

"आक्का, या कोण आल्यात?"

आक्का तिच्याकडे बघतच राहिली. मग जवळ जाऊन तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आलीस?" तिनं हळूच विचारलं.

मी बाहेर येऊन बटण दाबलं.

पिवळ्या पडद्यापुढे मनाली होती. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, केस घामानं चिकटलेले. त्या मोकळ्या जागेत, एकटी. इतक्या कमी ठिपक्यांत नजर दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ती माझ्याकडेच बघत होती.

दिवा विझला. मी दाबलं. आता तिनं हात उचलला होता.

पुन्हा दाबलं. तळवा काचेला टेकला होता.

मनू लहानपणापासून अंधाराला भिते. मी बटण दाबत राहिले. बॅटरीची शेवटची कांडी उरली होती.