आजी एकशेवीसवर!

"थांबा, ओसुगीकाका! फेकू नका ती फीत!" कोतोनेनं कचऱ्याच्या पिशवीत हात घातलासुद्धा.

"अगं, बिघडलीय ती! उंदीर चिरकल्यासारखं ऐकू येतंय!" ओबोनच्या नाचाची सगळी व्यवस्था ओसुगीकाकांकडे होती आणि आपलं काही चुकेल हे त्यांच्या स्वप्नातही येत नसे. "जुना टेपरेकॉर्डर मोडला, म्हणून मी खास टोकियोहून मुलाचा आणला. त्यात खोट नाही! सात वाजता दुसरं गाणं लावू."

मैदानातल्या बाकावर बसलेल्या आजोबांनी ढोलाच्या काठ्या बाजूला ठेवल्या. फितीवर आजीचं गाणं होतं. ती गेल्यानंतरचं हे पहिलंच ओबोन, गेलेली माणसं घरी येतात तो सण. तिच्या गाण्यावर ढोल वाजवायचा, एवढंच आजोबांनी मागितलं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा कोतोनेला बघवेना.

"सातला आजीच गाणार!" ती म्हणाली. धाकटा भाऊ इबुकी आणि शेजारचा गेन यांनी तो जड टेपरेकॉर्डर उचलून घरी नेला.

कोतोनेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इकडे ताल वाजवणारा सीक्वेन्सर, तिकडे आवाज साठवणारा सॅम्पलर आणि मध्ये वायरींचा गुंता! तिनं फीत लावली. इबुकी सीक्वेन्सरवर गाण्याशी ताल जुळवू लागला.

"ताई, एकशेवीसवर बसला!"

"शक्यच नाही. आजोबांच्या वहीत मिनिटाला शंभर ठोके लिहिलेत."

"मग आजी घाईत असेल!" गेन म्हणाला.

"आजी? बस चुकली तरी धावायची नाही ती!" कोतोने थबकली. "आणि फीत बिघडली असती तर मध्येच हळू, मध्येच जलद झाली असती. ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकशेवीस! शंभरचे एकशेवीस... म्हणजेच पन्नासचे साठ! इबुकी, टेपरेकॉर्डर फिरव!"

मागे चिठ्ठी होती: 'फक्त ५० हर्ट्झ'.

गेननं कपाळावर हात मारला. "फुजी नदीपलीकडे टोकियोत वीज सेकंदाला पन्नास ठोके देते, आपल्या हामामात्सूत साठ! शाळेत घोकलं होतं की!"

"आणि याची मोटर विजेच्या तालावर फिरते. बिचारी आजी धावणारच!"

तिनं गाणं सॅम्पलरमध्ये भरलं आणि वेग सहा भागांवरून पाचांवर आणला. पहिल्यांदा वायर सैल निघाली, नुसती खरखर! दुसऱ्यांदा शेवटचं कडवं कापलं गेलं. साडेसहा वाजले. "पुन्हा!" कोतोने जिद्दीनं म्हणाली.

बरोबर सातला मैदानावर आजीचा आवाज घुमला, भरदार आणि संथ. आजोबांच्या काठ्या आपोआप ढोलावर पडल्या. त्यांचे डोळे वाहत होते, पण एकही ठोका चुकला नाही.

गाणं संपताच ओसुगीकाका मुलांपुढे कमरेत वाकले. "चूक माझीच! चिठ्ठी न वाचता उगाच फुशारकी मारली. शाबास, पोरांनो!"

आजोबांनी कोतोनेच्या डोक्यावर हात ठेवला. "जन्मभर मला सांगायची, 'अहो, जरा हळू वाजवा!' आज तिलाच हळू करावं लागलं." आणि डोळे पुसता पुसता ते मोठ्यानं हसले.